सुविराज्याचं कलम दुसरं

आमच्या देशाला सैन्य नव्हतं, नाणं नव्हतं. झेंडा होता, पण तो आईच्या जुन्या परकराचा असल्यामुळे पुसायला फडकं कमी पडलं की ती तो बिनदिक्कत उतरवून न्यायची. कायदा मात्र होता, आणि तो टाईप केलेला होता. देशाचं नाव सुविराज्य. सुमन आणि विजया या दोन नावांचे तुकडे जोडून आम्ही ते तयार केलं होतं. विजया म्हणजे मी, आणि सुमन माझी आतेबहीण. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एका कापडाच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या, त्या खोल्यांवर गच्ची, आणि ती गच्ची म्हणजे सुविराज्य. लोकसंख्या दोन. मी तेरा वर्षांची होते, ती सोळा. आज त्या इमारतीच्या जागी चार मजले उभे आहेत आणि वर पाण्याच्या काळ्या टाक्या दिसतात. शहराचं नावही बदललं. मला मात्र अजून रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आधी जुनंच नाव तोंडात येतं, आणि तो आरशातून माझ्याकडे बघतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणायचो, अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली सात-आठ टेबलं एका रांगेत मांडलेली असायची, आणि परवाना घेतलेली ती माणसं येणाऱ्या-जाणाऱ्यांचे अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं लिहून द्यायची. नानांचं टेबल कडेचं. चौथीपर्यंत उर्दूतून शिकल्यामुळे निजामाच्या काळातले कागद त्यांना वाचता यायचे, म्हणून त्यांच्याकडे म्हाताऱ्या माणसांची गर्दी जास्त. शेडला दार नव्हतं, तेव्हा टाईपरायटर ते रोज संध्याकाळी सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून घरी आणत. दिवसभर खालच्या दुकानात मांजरपाट फाडल्याचा चर्र चर्र आवाज, आणि दिवेलागणीला वर आमच्या मशीनचा खडखडाट. ओळ संपली की टिंग. त्या टिंगवर आईची भाकरी उलटते असं सुमन म्हणायची, आणि एकदा आम्ही दोघींनी चुलीपाशी बसून पाहिलं तर ते बरंचसं खरं निघालं. मला अकराव्या वर्षी टाईप यायला लागलं. सुट्टीत नानांच्या नकला मीच काढायचे. डावीकडे चार बोटं समास, मथळ्याखाली तीन फुल्या, ‘मी’ वेगळ्या ओळीवर, असा त्यांच्या कागदाचा ठरलेला चेहरा होता, आणि त्यांच्या मशीनचा ‘क’ जरा वर बसायचा. कचेरीतले कारकून तो कागद दुरून ओळखत आणि वाचत न बसता शिक्का मारत. आपल्या टेबलावरून खोटी ओळ गेलेली नाही, याचा नानांना फार अभिमान होता. आई म्हणायची, त्या अभिमानाला फोडणी देऊन खाता आलं असतं तर बरं झालं असतं.

बिघडलेले, कार्बन सरकलेले कागद नाना घरी आणायचे. त्यांची मागची कोरी बाजू हे आमचं सरकारी स्टेशनरी खातं. देश काढला तेव्हा आम्ही आधी शिक्षा लिहायला घेतल्या होत्या, कारण शिक्षा ठरवायला मजा येते. नानांनी ते पान बघितलं आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "शिक्षेनं कायदा सुरू होत नसतो गं पोरींनो. पहिल्या कलमात कायद्याचं नाव, दुसऱ्यात व्याख्या. आन् सगळी गंमत त्या दुसऱ्यात असते. व्याख्येत जे बसलं नाही ते कायद्याला दिसत नाही." मग त्यांनी आम्हाला व्याख्येच्या आधी लिहायची ओळ सांगितली, ‘संदर्भानुसार दुसरा अर्थ आवश्यक नसेल तर’. ती ओळ सुमनला इतकी आवडली की आठवडाभर ती आईशीही त्याच भाषेत बोलत होती. आईनं विचारलं, पाणी भरलंस का? तर ही म्हणे, संदर्भानुसार दुसरा अर्थ आवश्यक नसेल तर, व्हय.

व्याख्या सुमन करायची, टाईप मी करायचे. ती उंच, काटकुळी, सावळी होती आणि हसताना तोंडावर हात धरायची. कन्नड तालुक्यातल्या त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती, आणि तिचे वडील वारल्यावर नानांनी ‘भाची माझी आहे, मी शिकवतो’ म्हणून तिला आमच्याकडे आणलेलं. शाळेत उशिरा घातलेली, त्यामुळे सोळाव्या वर्षी नववीत. एका व्याख्येवर ती दोन-दोन दिवस बसायची. कठड्याला पाठ लावून, पाय लांब सोडून, हातातली काडी मोडत. ‘देश’ म्हणजे गच्ची, कठड्यापासून कठड्यापर्यंत, आणि पावसाळ्यात जिन्याच्या वरच्या पाच पायऱ्या. ‘शत्रू’ म्हणजे माकडं, आणि पतंगाच्या दिवसांत शेजारच्या गच्चीवरची पोरं. ‘पाहुणा’ म्हणजे परत कधी जाणार असं ज्याला विचारता येत नाही तो. ‘काम’ म्हणजे जे केलं तर कुणाला दिसत नाही आणि नाही केलं तर सगळ्यांना दिसतं ते. ही शेवटची तिनं भांडी घासताना केली आणि ओल्या हातानं वर पळत आली होती. मी पुढे आयुष्यभर सरकारी भाषांतराच्या नोकरीत खऱ्या कायद्यांच्या व्याख्या मराठीत आणल्या, शेकड्यांनी आणल्या, आणि त्यातली एकही या ओळीच्या जवळपास जाणारी नव्हती. हे मी कौतुकानं सांगत नाही, चिडून सांगते आहे. असली पोरगी होती ती.

मला यादी वर्णानुक्रमे पूर्ण हवी होती, म्हणून मी एकदा ‘लग्न’ घालू का असं विचारलं. सुमन म्हणाली, "नाय त्या गोष्टीची व्याख्या काऊन करायची? आपल्या देशात ती हायेच नाय." मी ‘ल’मध्ये लोणचं घातलं. ‘लोणचं’ म्हणजे जे बरणीतून बोटानं काढून खाल्लं तरी चोरी होत नाही असं खाद्य. आईला हे कलम मान्य नव्हतं. तरी तिच्या हाताखाली आम्ही दोघी सुखात होतो. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर डाळ्याचं कूट. दुपारी ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी, जिच्या वासानं खालचा दुकानदार वर मान करून विचारायचा, "वहिनी, आज काय बेत?" गुरुवारी धपाटे आणि दही. उन्हाळ्यात खिडकीला वाळ्याची ताटी, ती भिजवायची पाळी एक दिवस माझी, एक दिवस सुमनची. संध्याकाळी मशिदीची अजान आणि देवळाची घंटा पाठोपाठ आली की नाना घड्याळ लावून घ्यायचे. त्या घरात काही कमी नव्हतं असं नाही, पण कमी आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

‘सज्ञान’ ही व्याख्या त्या उन्हाळ्यातली. देशाला न्यायाधीश हवा होता, न्यायाधीश सज्ञान असावा लागतो असं नाना म्हणाले, आणि खऱ्या कायद्यात अठरा वर्षं पुरी झालेला तो सज्ञान, त्याखालचा अज्ञान. सुमनला हे पटलं नाही. वयात काय असतं, म्हणे. आमच्या गावात वय कुणाला माहितीये? तीन दिवसांनी तिनं वाक्य आणलं. ‘सज्ञान’ म्हणजे ज्याला विचारल्याशिवाय त्याच्याबद्दल काहीही ठरवता येत नाही असा माणूस. मी ते टाईप केलं, आणि याच व्याख्येखाली तिला न्यायाधीश नेमलं. नानांनी पान वाचलं आणि मोठ्यानं हसले. मग हसणं आवरून म्हणाले, "ही व्याख्या आमच्या कायद्यात घातली तर निम्मा देश मरेपर्यंत अज्ञानच राहील." आई तेव्हा खाली बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

परीक्षा संपल्यावर तात्या आले. तात्या म्हणजे सुमनचे थोरले चुलते. भाऊ गेल्यावर भावजय आणि तिची पोरगी त्यांच्याच घरात होत्या, आणि त्यांनी त्यांना उपाशी ठेवलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते, कारण या गोष्टीत कुणी राक्षस नाही. राक्षस असता तर मला फार सोपं गेलं असतं. मी नानांचा डबा घेऊन कचेरीत गेले होते तेव्हा तात्या त्यांच्या टेबलासमोर स्टुलाच्या टोकावर बसलेले, मांडीवर कापडी पिशवी.

"मुलगा सरकारी नोकरीला हाये," ते सांगत होते. "बिडकीनचे लोक. चांगले हायेत, पर लई भित्रे. म्हणतेत, पोरगी अठराची हाये असा कचेरीचा कागद आणा, नाय तर आमच्या पोराच्या नोकरीवर येईल. तुम्ही एक लिहून द्या, नानासाहेब."

"सुमन सोळाची आहे, तात्या."

"शाळेतली तारीख गुरुजीनं टाकलेली. गावातली समदी लेकरं एक जूनची! खरी कोणती, कुणाला म्हाईत?"

"मला माहीत आहे," नाना म्हणाले. "पहिलं बाळंतपण माहेरी होतं, तात्या. ती माझ्या घरात जन्मली. दाईला सायकलवर मी बसवून आणलं. मला तुम्ही तिचं वय सांगता?"

तात्या हळूच म्हणाले, "बापाइना पोर. मी आज हाये, उद्या नाय. तुम्हाला एकच लेक हाये, मला चार अन् ही पाचवी." नानांनी मशीनवर लाकडी झाकण ठेवलं. भर बाराच्या उन्हात, समोर चार माणसं खोळंबलेली असताना. त्या रांगेत त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एका अर्जनविसानं परत केलेला कागद दुसऱ्यानं हातात धरायचा नाही, हा त्यांचा आपसातला जुना रिवाज होता, आणि झाकण ही त्याची खूण. तात्या उठून टेबलामागून टेबल फिरले. प्रत्येकानं आधी मान वाकडी करून नानांच्या झाकणाकडे बघितलं आणि मग हात जोडले. शेवटच्या टेबलापासून तात्या परत आले, नानांना रामराम केला आणि फाटकाबाहेर गेले. मला त्या दिवशी माझ्या बापाचा इतका अभिमान वाटला की डब्यातली आमटी सांडली तरी मी कबूल केलं नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "मग मिटलं म्हणायचं." आम्ही दोघी जिन्यात बसून ऐकत होतो. "कागदाचं मिटलं," नाना म्हणाले, "पोरीचं नाही. रविवारी येऊन तिला घेऊन जातो म्हणतोय. शिक्षण पुरे म्हणे." आई म्हणाली, "तुम्ही नाही म्हणा की." नाना म्हणाले, "कोणत्या हक्कानं? अज्ञान पोरीची पालक तिची आई, आणि ती त्याच्या शब्दाबाहेर नाही. मी मामा. कायद्याला मामा दिसत नाही."

हे वाक्य ऐकून आम्ही वर गेलो. सुमन कठड्याला टेकून बसली आणि म्हणाली, "विजे, अज्ञानाला पालक असतो. सज्ञानाला?" मी म्हटलं, नसतो. "मग सज्ञान माणसाला उचलून नेता येतं का?" मी म्हटलं, नाही, त्याची संमती लागते. आम्ही एकमेकींकडे बघितलं. आम्हाला वाटलं, सापडलं. सगळा गुंता त्या एका शब्दात होता आणि तो शब्द आमच्या मशीनमध्ये होता. मी इतकी मूर्ख नव्हते की मला काहीच कळलं नाही. मी तिला म्हटलं, हाच कागद तर तात्यांना पाहिजे होता. सुमनकडे उत्तर तयार होतं. "त्यांना कागद पाहिजे मला द्यायला. मला पाहिजे नाय म्हणायला. कागद माझ्या हातात राहणार ना." दोन दिवस मी त्या वाक्यात भोक शोधलं आणि मला मिळालं नाही. बापानं कायदा शिकवला होता, घर कसं चालतं ते शिकवलं नव्हतं. शिकवायला हवं होतं असं मी म्हणत नाही. असल्या हुशार पोरींना वेळीच एक थोबाडीत मारणारं कुणी हवं होतं, एवढंच.

शुक्रवारी नाना कुणाच्या तरी दहाव्याला गावाकडे गेले, म्हणून मशीन घरातच होतं. आई शेजारच्या गच्चीवर कुरडया घालायला गेली. मी नानांच्या ट्रंकेतून कोरा स्टॅम्पपेपर काढला. चार बोटं समास. तीन फुल्या. ‘मी’ वेगळ्या ओळीवर. शाळेतील जन्मतारीख अंदाजे नोंदलेली असून माझे खरे वय अठरा वर्षे पूर्ण आहे, असे मी शपथेवर कथन करते. सुमन शेजारी उभी राहून वाचत होती. मला त्या वेळी भीती वाटत नव्हती, पाप वाटत नव्हतं. मला वाटत होतं की एकही अक्षर चुकलं नाही. हे मला आज सगळ्यात जास्त लागतं. मग तिनं आईचं निळं लुगडं नेसलं, केसांचा अंबाडा घातला, आणि आम्ही भर दुपारी कचेरीत गेलो. रांगेतल्या शेजारच्या टेबलावरच्या काकांनी मला विचारलं, "नानांनी पाठवलं का?" मी हो म्हटलं. कारकुनानं वरचा ‘क’ बघितला, कागद दुरूनच धरला. "नानासाबच्या घरची का? क्या बात है. सही येती ना?" सुमननं सही केली. त्यानं विचारलं, "शपथेवर खरं?" ती म्हणाली, "व्हय." शिक्का बसला. बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो आणि सुमन तोंडावर हात न धरता हसली.

रविवारी तात्या सकाळच्या एसटीनं आले. नाना बाजेवर, तात्या खुर्चीत, आई स्वयंपाकघराच्या दारात. तात्या म्हणाले, "आवर सुमे, दुपारची गाडी हाये." सुमन पुढं आली. वेणी घट्ट घातलेली. तिनं कागद पुढं धरला आणि म्हणाली, "तात्या, मी सज्ञान हाये. माझी संमती नाय. मी येत नाय."

तात्यांना लिहिता-वाचता बेताचंच येत होतं. त्यांनी कागद घेतला, शिक्क्याकडे बघितलं, आणि तो नानांकडे दिला. "वाचा बरं, काय लिवलंय."

नानांनी चष्मा लावला आणि रोजच्या सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "मी, कुमारी सुमन…" तिथं थांबले. त्यांनी समासाकडे बघितलं. फुल्यांकडे बघितलं. मग मान वर करून माझ्याकडे. त्या नजरेत राग असता तर मी वाचले असते. ते पुन्हा खाली बघून शेवटपर्यंत वाचत गेले, प्रत्येक शब्द, एका सुरात. खालच्या दुकानात कुणीतरी कापड फाडत होतं. वाचून झाल्यावर तात्यांनी विचारलं, "खरा हाये का कागद, नानासाहेब?"

मी तेव्हा मनात ओरडत होते, खोटा म्हणा, खोटा म्हणा. त्यांनी तो फाडायला हवा होता असं मी कित्येक वर्षं मानत आले. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा खूप जास्त झालंय, आणि त्या दोन मिनिटांत त्यांनी काय बघितलं ते मला दिसतं. कागद खोटा म्हटला की शपथ खोटी. शपथ सुमनची. पहिला गुन्हा तिच्यावर, मग टाईप करणाऱ्या पोरीवर, मग ज्याच्या टेबलाच्या नावावर शिक्का बसला त्या टेबलावर. तिला वाचवायला तिलाच गुन्हेगार म्हणून उभं करावं लागलं असतं. इतका पक्का कागद मी केला होता.

"शिक्का खरा आहे," नाना म्हणाले.

"मग झालं की," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, ओझं उतरल्याचा होता. त्यांनी कागदाची घडी केली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. "एवढाच पाहिजे व्हता."

"तो माझा हाये," सुमन म्हणाली. "तात्या, माझी संमती नाय."

तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच मायेनं ठेवला. "संमती तुझी माय देईल, बाळा. ती तिकडं वाट बघायली. तुला नेलं नाय तर मी तिला काय सांगू, सांग बरं? कागद दाखवू?" सुमननं मामाकडे बघितलं, मग मामीकडे, मग माझ्याकडे. मला एखादं कलम आठवेल असं तिला वाटलं असावं. मला काही आठवलं नाही. आईनं डोळे पुसले आणि दशमी बांधून द्यायला आत गेली. दुपारच्या गाडीला अजून दीड तास होता आणि तो दीड तास आम्ही सगळे एका खोलीत बसून काढला. तात्या पावसापाण्याचं बोलत होते.

मला पुढे कळलं की बिडकीनच्या लोकांनी तात्यांना आठ दिवसांची मुदत दिली होती. कागद नसता तर ते सोमवारी वैजापूरकडे दुसरी मुलगी बघायला जाणार होते. हे मला आत्यानं, सुमनच्या आईनं सांगितलं, अगदी सहज, लग्नाच्या मांडवात, अक्षता वाटता वाटता. त्याच मांडवात भटजींनी पुकारा केला, मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं. कायद्याला न दिसणारा मामा तिथं बरोबर दिसला. नाना उठले, आत गेले आणि सुमनला दंडाला धरून बोहल्यापाशी घेऊन आले. तिची मान खाली होती आणि त्यांचीही. ते अंतरपाटामागं तिच्या पाठीशी उभे राहिले आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी एकही अक्षत टाकली नाही. मुठीत धरलेले तांदूळ त्यांनी तसेच खिशात घातले.

नानांनी मला मारलं नाही, बोलले नाहीत, मशीनला हात लावू नकोस असंही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त वयाची प्रतिज्ञापत्रं लिहिणं बंद केलं. कुणी आलं की शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवत. कारकून त्यांचा कागद न वाचता शिक्का मारत राहिले, आणि नाना दर वेळी तिथं उभं राहून म्हणत, "वाचून घ्या, साहेब." त्यांना वाटे, नाना थट्टा करतात. सुविराज्यात मी एकदाच परत गेले. एकटीनं कायदा चालत नाही. पानं आईनं डब्यांच्या तळाला घातली.

सुमनला त्या घरी मारझोड झाली नाही. नवरा वाईट नव्हता, हे मला सगळ्यांनी सांगितलं, आणि सांगताना सगळे जरा जास्तच जोर देऊन सांगत. एकोणीसपर्यंत तिला दोन मुलं होती. शाळा सुटली ती सुटली. भेटायची तेव्हा दळण, पाणी, सासूचं दुखणं, पोरांचे ताप यांबद्दल बोलायची, आणि मी कॉलेजचं काही सांगायला लागले की उठून चहा टाकायची. माझ्या कागदावरची ती तारीख तिला आयुष्यभर चिकटली. रेशनकार्डावर तीच, मतदार यादीत तीच, पुढं आधार कार्डावर तीच. कागदोपत्री ती आजही माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. एसटीचं म्हातारपणाचं अर्धं तिकीट तिला दोन वर्षं आधी मिळालं, तेव्हा घरातले सगळे हसले, ती पण हसली, असं तिच्या सुनेनं मला फोनवर सांगितलं. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी बिडकीनला गेले. आता तिकडे रुंद रस्ते झालेत, कारखान्यांच्या लांबच लांब भिंती उभ्या राहिल्यात, आणि त्यांच्या मागं जुनं गाव आक्रसून बसलंय. सुमन ओट्यावर तुरी निवडत होती. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. मी खरं तर माफी मागायला गेले होते, पण इतक्या वर्षांनी माफी मागायला माणूस जातो तेव्हा त्याला दुसऱ्याकडून काहीतरी घ्यायचंच असतं. इकडचं-तिकडचं बोलून झालं, चहा झाला, मग मी एका दमात सगळं सांगितलं. सोमवारची दुसरी मुलगी, नानांचं ‘शिक्का खरा आहे’, मी न चुकता काढलेली ती प्रत. ती ऐकत होती, हात सुपात चालू होते. तिला सगळं माहीत होतं. आत्यानं तिलाही कधीच सांगितलं होतं. मग मी, इतकी वर्षं मनाशी घोकलेलं, लोकांनी मला समजावताना सांगितलेलं, मला स्वतःला कधीच न पटलेलं ते वाक्य तिच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "सुमे, मी तो कागद केला नसता तरी दोन वर्षांनी त्यांनी तुझं लग्न लावलंच असतं गं."

"व्हय," ती म्हणाली. "लावलंच असतं." तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "पर ती दोन वर्सं माझी व्हती, विजे."